फर्मा चौदावा

मार्चअखेर होती, अनुदान संपवायचं होतं,
म्हणून दोन्ही पुस्तकं एकाच आठवड्यात माझ्या टेबलावर:
डावीकडे पहिलीची वाचनमाला, बत्तीस पानं,
उजवीकडे उदारमतवादी लोकशाहीचा अभ्यास,
सहाशे चाळीस, सूची वेगळी.
नारायण पेठेत, जिन्याखालच्या खोलीत
सदतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका वाचते आहे.
काम नीट झालं
तर ते कुणालाच दिसत नाही, असा हा धंदा.

सकाळी 'गवळी आला. दूध मोजून घे.'
दुपारी 'सत्तेचे विकेंद्रीकरण: काही आक्षेप'.
पहिलीच्या पुस्तकाला वेळ जास्त लागतो, खोटं नाही सांगत.
थोरांच्या पुस्तकात वेलांटी चुकली तर माणूस पुढे जातो,
सहा वर्षांचं पोर ती चूक जन्मभर बाळगतं.
मोठ्यात एके ठिकाणी ह गळला होता:
लोकशाई.
लाल पेनानं त्याला आत घेताना
हात जरा थांबला. एवढंच.

अक्षरांचं मी बघते. बांधणीचं काय करणार?
पैसे कमी म्हणून वाचनमालाही डेमीतच छापलेली,
गंज पेठेत अन्वर तांबोळीकडे रात्री वीज गेली,
मोबाइलच्या उजेडात फर्मे जुळले,
आणि एका गठ्ठ्यात खालीवर झालं.

पहिलं पत्र प्रभात रोडवरून, निवृत्त न्यायाधीशांचं.
'पृष्ठ २०८ नंतर गवळी येतो.
त्यानंतर माळी, मग एक मांजर.
प्रकरणाशी संबंध लावण्याचा दोन दिवस प्रयत्न केला.
योग्य प्रत पाठवावी. टपालखर्च आपला.
ही प्रत परत मिळणार नाही.'

आणि जूनमध्ये, दांडेकर पुलापलीकडच्या शाळेतून,
बोऱ्हाडे बाईंनी वाचनमाला परत धाडली, चिठ्ठी न लावता.
सोळाव्या पानावर मुळाक्षरं संपतात, ळ बाळाचा.
उलटलं की पान दोनशे नऊ.

ण आणि ळ,
या दोघांना आपल्याकडे शब्द सुरू करू देत नाहीत,
मधे नाहीतर शेवटी उभं राहायचं;
तक्त्यात मात्र चौकोन सगळ्यांएवढाच.
हे मी कधी कुणाला बोलले नाही. प्रुफात असलं लिहीत नाहीत.

वरच्या कोपऱ्यात नाव: ओवी धुमाळ.
बाईंनी सांगितलं असणार, ळ शोधा,
नाहीतर आडनावातलं आपलं अक्षर ती आपणच शोधत निघाली असेल
त्या बिनचित्रांच्या सोळा पानांत.
जांभळ्या खडूचे गोल:
विधिमंडळात एक. मंत्रिमंडळात एक.
चळवळीतले दोन्ही.
'गोंधळ'भोवती इतका जोर की खडू मोडलेला.
'वेगळे मत नोंदवण्याचा अधिकार' यातल्या वेगळेला गोल,
शेजारी काहीतरी, बहुतेक मांजर.

मी मोजले. सवय.
एकेचाळीस बरोबर, सुटला एकच,
तळटिपेतल्या 'पाळत'मधला.
इतक्या बारीक टाइपात पाळत मोठ्यांनाही दिसत नाही.

आणि एक चुकलेला.
'लोकशाही'च्या ल भोवती तिनं आधी गोल काढला,
मग कळलं असावं, हा तो नव्हे,
तर खोडरबरानं घासघास घासला,
थुंकीही लावली असेल.

तिला नवी प्रत पाठवली, गवळी-माळी-मांजरासकट.
ही माझ्या खणात आहे.
त्या जागी कागद पातळ झालाय,
खिडकीकडे धरला की मागच्या पानावरची ओळ
उलटी दिसते.
मी लाल पेन उघडून ती वाचायला लागते,
आणि मग आठवतं,
हा फर्मा छापून झालेला आहे.